पदकाआधीचा खर्च

शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात. भामरागडच्या कबड्डी संघासाठी यातली दुसरी पायरी, गडचिरोली, दीडशे किलोमीटरांहून लांब आहे आणि नागपूर तिथून जवळपास तेवढेच पुढे. बारा मुली, सोबत शिक्षक, एखादा मुक्काम, दोन्ही वेळचे जेवण. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. शहरातल्या शाळेचा संघ हीच जिल्हा स्पर्धा खेळून संध्याकाळी घरी असतो.

सरकारी पैसा मात्र अंतर मोजत नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी माध्यमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त 25,000 रुपये मिळतात, मग शाळा रस्त्यालगत असो वा डोंगरात. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीला मिळतो, तोही पट शंभरावर असेल तर. विरळ वस्तीतल्या शाळेचा पट तिथवर जाणे अवघड. शिवाय नववीपासून हा कायदा लागूच नाही.

मोठी रक्कम येते ती निवडीनंतर. ‘खेलो इंडिया’त निवडलेल्या खेळाडूला आठ वर्षे, वर्षाला 5 लाख रुपयांचे साहाय्य ठरले आहे. ते योग्यच आहे; पण निवड व्हायला आधी कुणाच्या तरी नजरेस पडावे लागते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. त्यांच्याकडे बोट दाखवून ‘गुण असला की वाट सापडतेच’ म्हणणे अन्यायाचे आहे. पोचलेली धावपटू सगळ्यांना दिसते. एसटीच्या भाड्यापायी तालुक्यातच थांबलेल्या मुलीची कुठे नोंदही होत नाही.

जिथे दवाखान्यात डॉक्टर नाही तिथे खेळावर पैसा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. डॉक्टर हवाच. पण शहरातल्या मुलाला मैदान देताना त्याच्या दवाखान्याचा हिशेब कुणी मांडत नाही. ही निवड फक्त दुर्गम भागापुढेच ठेवली जाते. या खर्चाची परतफेड पदकांत मोजणेही चूक आहे. बहुतेक मुली राज्यस्तरावर जाणार नाहीत, आणि तरीही संघातून खेळणे, हरणे, परका जिल्हा पाहणे हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. म्हणून प्रवास आणि मुक्कामाचा पैसा अंतरानुसार ठरावा आणि संघ निघण्यापूर्वी शाळेच्या खात्यात यावा. बिले नंतर मंजूर होणार असतील, तर तोवरचा भार शिक्षकाच्या पगारावर किंवा पालकाच्या मजुरीवर पडतो.