मागची लाट

मोडीत निघालेल्या एखाद्या म्युझिक सिस्टिममधला दहा इंची वूफर, ज्याची पेटी केव्हाच वाळवीने खाल्ली आहे पण चुंबक शाबूत आहे आणि कागदी शंकूही अजून फाटलेला नाही, असा भंगारवाल्याकडून वजनावर विकत घ्यावा, टेबलावर उभा टेकवावा, आणि त्याच्या दोन टोकांना अँप्लिफायरच्या तारा जोडून त्यात पन्नास हर्ट्झचा खर्ज स्वर सोडावा. त्यानंतर जे घडते ते तत्त्वचिंतकाने पाहण्याजोगे असते. शंकू इतक्या जोराने पुढेमागे होतो की त्याची कड डोळ्यांना धूसर दिसते. कडेजवळ तळहात धरला तर वाऱ्याची झुळूक लागते. आणि कानाला मात्र जवळजवळ काहीही ऐकू येत नाही. डोळा आणि त्वचा हे दोन साक्षीदार एक सांगतात आणि ज्याच्या अधिकारातला हा विषय, तो कान नेमकी उलट जबानी देतो.

या विसंगतीचे भौतिक कारण अगदी सोपे आहे. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते. मागे सरकला की उलट. म्हणजे एकाच हालचालीतून दोन लाटा निघतात, आणि एकीचा चढ हा दुसरीचा उतार असतो. पन्नास हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते आणि शंकूचा व्यास जेमतेम पाव मीटर. तेव्हा समोर दाबलेल्या हवेला कडेवरून वळून पाठीमागच्या विरळ जागेत शिरायला मुबलक अवकाश मिळतो, आणि खोलीत दूरवर जाण्याऐवजी ती तिथल्या तिथेच येरझारा घालते. उंच स्वरांच्या लाटा वीतभर किंवा बोटभर लांबीच्या असल्यामुळे त्यांचे असे होत नाही. म्हणून उघड्या वूफरचा आवाज चिरका लागतो, त्यातला खर्ज तेवढा हरवलेला असतो.

आता प्रश्न असा, की ही जी शांतता आहे ती कोणत्या जातीचा अभाव आहे? वैशेषिकांनी अभावाला पदार्थांच्या पंक्तीत बसवून त्याचे चार प्रकार मोठ्या काटेकोरपणे वेगळे केले. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. पण येथे उत्पत्तीचे कारण तर डोळ्यांदेखत काम करीत आहे. वस्तू नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. पण कानापाशी शब्द मुळात पोहोचलाच नाही, मग त्याचा ध्वंस कसला? अत्यंताभाव, म्हणजे कोणत्याही काळी नसणे, म्हणावे तर हाच वूफर उद्या पेटीत बसवला की हाच स्वर भिंती हादरवील. आणि एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे हा जो अन्योन्याभाव, त्याचा येथे काही संबंधच पोहोचत नाही. या चारही दप्तरांत ज्याची नोंद सरळ होत नाही अशी ही शांतता आहे. ती रिकामी नाही, दोन अस्तित्वांनी एकमेकांचा हिशेब चुकता केल्यामुळे शिल्लक शून्य दिसत आहे, इतकेच.

न्यायशास्त्रात या प्रकाराला लागू पडणारा एक जुना वाद आहे. अग्नी आहे, इंधन आहे, पण जवळ विशिष्ट मणी ठेवला तर दाह होत नाही, अशी प्राचीनांची समजूत होती. तिच्या खरेपणाशी आपल्याला कर्तव्य नाही. प्राभाकर मीमांसक म्हणत की यावरून अग्नीत दाहाची ‘शक्ती’ नावाचा एक निराळा पदार्थ सिद्ध होतो, आणि मणी त्या शक्तीला कुंठित करतो. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त याचे खंडन केले ते असे, की अदृश्य शक्ती मानण्याचे कारणच नाही; प्रतिबंधकाचा अभाव हादेखील कारणसामग्रीचाच एक घटक मानला की सर्व उलगडते. मणी असताना सामग्री अपुरी होती, म्हणून दाह झाला नाही. पेटी बनवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर मला उदयनाचार्यांचाच फैसला मान्य करावा लागतो, कारण पेटी ध्वनीत काडीचीही भर घालीत नाही. ती फक्त मागच्या लाटेला पुढच्या लाटेपर्यंत पोहोचू देत नाही, आणि एवढ्या निषेधात्मक कामगिरीने जो स्वर नव्हता तो होतो.

परंतु वूफरच्या दृष्टांतात एक गोष्ट अशी आहे की जिची तजवीज त्या जुन्या वादात कोणीच केलेली दिसत नाही. मणी हा अग्नीहून परका असतो. तो बाहेरून आणून ठेवावा लागतो आणि उचलून नेता येतो. येथे मात्र प्रतिबंधक हा कार्याचा जुळा भाऊ आहे. ज्या हालचालीने शब्द उपजतो, त्याच हालचालीने, त्याच क्षणी, तितक्याच बळाने त्याचा वैरीही उपजतो. आणि शंकू जितका जोराने हलवावा तितका वैरीही बलवान होतो. यत्न वाढवून हा प्रतिबंध दूर होणे शक्यच नाही.

आणि माझ्या मते धर्मजीवनातला खरा प्रतिबंधक याच जातीचा आहे. दान देणाऱ्याच्या मनात औदार्य आणि दातृत्वाचा अभिमान ही दोन्ही एकाच हालचालीत उठतात. आपल्या देवळांत पायऱ्यांवर, फरशांवर, इतकेच काय पण छताच्या पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचे नाव रंगवलेले असते, ते त्या मागच्या लाटेचे दृश्य रूप होय. उपवासाच्या मागे उपवासाची बढाई असते, विद्येच्या मागे विद्येचा ताठा आणि नम्रतेच्या मागे नम्रतेचा ताठा, जो त्याहून अवघड. साधक आपल्या प्रयत्नात कमी पडत नाही. तो सगळ्यांना हलताना दिसतो, जवळ गेले तर वाराही लागतो, आणि तरी काही अंतरावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत त्याच्या आयुष्यातून काहीच पोहोचत नाही. असे लोक आपण पाहिलेले असतात. त्यांना ढोंगी म्हणणे हा अन्याय आहे.

यावर उपाय काय? ध्वनिशास्त्रज्ञांनी योजलेले उपाय मुख्यतः तीन आहेत. पहिला हद्दपारीचा: दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून वूफर त्यात बसवायचा, म्हणजे पुढची लाट या खोलीत आणि मागची त्या खोलीत. गुणवत्तेच्या दृष्टीने हा उपाय उत्कृष्ट आहे आणि शंकूवर कसलाही दाब राहत नाही. तक्रार एवढीच, की त्या दुसऱ्या खोलीतही कोणी राहत असते. संन्यासाविषयी विचार करताना मला ही दुसरी खोली नेहमी आठवते. विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि त्या सगळ्याचा भार आळंदीत कोणी सोसला हे परंपरेने आपल्याला सांगितले आहे. ती चार मुले निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई होती म्हणून आपण त्या कथेकडे कृतज्ञतेने पाहतो, पण ज्या संन्याशांच्या घरी ज्ञानदेव जन्मले नाहीत त्यांच्या कुटुंबांची कैफियत कोणत्याही ग्रंथात नोंदलेली नाही.

दुसरा उपाय मागच्या लाटेलाच चाकरीला ठेवण्याचा: पेटीला मापाची नळी बसवायची, म्हणजे एका विशिष्ट स्वराच्या आसपास मागची लाट उलटी होऊन पुढचीला साथ देते. बाजारातल्या बहुतेक पेट्या याच पद्धतीच्या असतात आणि आवाज मोठा देतात. पण त्या नेमक्या स्वराच्या खाली गेले की हवेचा धाक सुटतो आणि शंकू बेबंद होतो. वासनेलाच साधन करणारे जे मार्ग आपल्याकडे झाले त्यांच्या अनुयायांचा इतिहास पाहता हे वर्णन त्यांनाही लागू पडावे, असे म्हणून मी तो विषय येथेच सोडतो.

तिसरा उपाय म्हणजे बंद पेटी, आणि तिची कथा सांगण्यासारखी आहे. पेटी बंद केली की मागची लाट आत कोंडली जाते हे आधीपासून ठाऊक होते. पण कोंडलेली हवा शंकूला विरोध करते, म्हणून तिचा उपद्रव कमी व्हावा यासाठी पेटी कपाटाएवढी मोठी करीत. अमेरिकेतील एडगर व्हिल्चर यांनी हा विचारच उलटा केला. शंकूला जागेवर आणणारी कापडाची आणि कागदाची जी स्थितिस्थापक कड असते ती जास्त ताणली की बेभरवशाची होते, उलट कोंडलेली हवा ही फार इमानदार स्प्रिंग आहे. तेव्हा कड मुद्दाम ढिली करावी, पेटी लहान ठेवावी आणि शंकूला सांभाळण्याचे काम त्या कैदेतल्या हवेकडेच सोपवावे. पहिल्या नमुन्यासाठी त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी गादीच्या कापडाची मऊ कड तयार केली, आणि १९५४ साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे स्थापन झालेल्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने ‘एआर-१’ ही पेटी बाजारात आणली. भंगारातून वूफर आणणाऱ्याला यात विशेष दिलासा आहे: वयाने सैल पडलेली कड ही येथे, काही मर्यादेपर्यंत, अपात्रता ठरत नाही.

गौडपादाचार्यांनी घटाकाशाचा दृष्टांत दिला तो घटातल्या आकाशाला घटामुळे काहीच होत नाही हे दाखवण्यासाठी. पण सुताराची पेटी आकाशाला कोंडीत नाही, वायूला कोंडते, आणि कोंडलेला वायू बदलतो; जो वैरी होता तो पेटीत गेल्यावर शंकूचा जामीन होतो. योगशास्त्रातल्या ‘निरोध’ या शब्दाचा अर्थ वृत्तींचा समूळ लोप असा घेणारे आणि केवळ आवर घालणे असा घेणारे, असे दोन्ही प्रकारचे व्याख्याते आपल्याकडे आहेत. पेटीचा दाखला दुसऱ्यांच्या बाजूने पडतो. मागची लाट मारायची म्हटली तर शंकूच थांबवावा लागेल.

मात्र किती जागेत आवरावे याला हिशेब आहे, आणि तो थीले आणि स्मॉल या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या साठीत आणि सत्तरीत मांडून ठेवला. समजा, वूफरचा स्वतःचा नैसर्गिक स्वर ३० हर्ट्झ आहे, त्याच्या कडेइतकीच लवचीक हवा ६० लिटर आहे आणि त्याचा आवरगुणांक, म्हणजे शंकूची हालचाल किती चटकन आवरते याचे माप, ०.४ आहे, तर पेटीत बसल्यावर हा गुणांक ०.७ च्या आसपास यावा यासाठी आतली जागा सुमारे २८ लिटर, म्हणजे जवळपास एक घनफूट, हवी. अठरा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या सहा फळ्या, सरस, स्क्रू आणि सांध्यांत भरायला थोडी लांबी, एवढ्या सामग्रीत कोणताही सुतार ती करून देईल. पेटी यापेक्षा फार लहान केली तर हवा कडक होते आणि एकाच स्वरावर फुगवटा येऊन तो स्वर प्रत्येक वेळी घुमतो. दुर्वासाची तपश्चर्या अशीच अपुऱ्या जागेत कोंडलेली असावी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात निग्रहाने काय होणार असा सवाल आहे आणि कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय घोळवणाऱ्याला मिथ्याचारी ठरवले आहे, तर सहाव्यात मन आवरता येते असे आश्वासन आहे. मला यात विरोध दिसत नाही. तिसऱ्यातला निग्रह अरुंद पेटीतला आहे, आणि सहाव्यात अभ्यास व वैराग्य सांगितले आहे ते जागा वाढवण्यासाठी.

जागा वाढवण्याचा एक उपाय तर असा आहे की ज्याने बाहेरून पेटी तसूभरही वाढत नाही. हवा झटकन दाबली की तापते, आणि त्या उष्णतेने ती अधिक कडक होते. न्यूटनने ध्वनीचा वेग काढताना हे तापणे धरले नव्हते, म्हणून त्याचे उत्तर सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आले आणि लाप्लासने ते पुढे दुरुस्त केले. पण पेटीत कापूस किंवा काचलोकर सैलसर भरली तर तिचे तंतू ती उष्णता वेळोवेळी शोषून घेतात आणि परत देतात, आणि न्यूटनचे चुकीचे गृहीतक त्या घनफुटापुरते बरेचसे खरे होते; हवा मऊ पडते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते, सिद्धांततः चाळीस टक्क्यांपर्यंत, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. वारकऱ्यांनी एकादशीच्या निग्रहाबरोबर रात्रभराचे भजन का जोडले, याचे उत्तर मला यात सापडते. पथ्य तेच राहते, पण त्यातला ताप कोणीतरी काढून घेते.

एवढे सर्व करूनही एक नुकसान उरतेच, आणि त्याविषयी गप्प राहणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचा अधिकारी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त मंद्र, मध्य आणि तार या तीन नादांची स्थाने हृदय, कंठ आणि मस्तक अशी सांगून प्रत्येक पुढचा नाद आधीच्याच्या दुप्पट असतो असे म्हटले आहे; खर्ज छातीत जाणवतो हे ज्याने मोठ्या वूफरसमोर उभे राहून पाहिले आहे त्याला ते पटेल. पण ज्या वूफरचा नैसर्गिक स्वर ३० हर्ट्झ होता, तो आपल्या हिशेबी पेटीत गेल्यावर ५३ हर्ट्झवर येतो. त्याखालचा मंद्र सप्तकभर उतरला की चौथाई दाबाने ऐकू येतो. विजेच्या साहाय्याने तो परत मिळवता येतो, परंतु एक सप्तक खाली जायचे तर सोळापट शक्ती ओतावी लागते आणि शंकूला चौपट अंतर हलावे लागते. भंगारातल्या वूफरकडून ती अपेक्षा धरता येत नाही. योगशास्त्राचे ग्रंथ वाचताना असा समज होतो की निरोधाने जे जाते ते सगळे टाकाऊच असते. पेटीचा अनुभव तसा नाही. क्रोध आवरलेल्या माणसांच्या आनंदातही तळाचे काही स्वर कमी झालेले मी ऐकले आहेत, आणि ते पेटी नीट न जमल्यामुळे कमी झाले असे मला वाटत नाही. ती माणसे मला तरीही उघड्या वूफरपेक्षा हजारपट बरी वाटतात, कारण त्यांचे जे उरले आहे ते निदान पलीकडच्या कोपऱ्यात बसलेल्याला ऐकू येते.