वाट आणि मालकी

इंग्लंडमध्ये ‘ब्रायडलवे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटा आहेत. त्यांवरून घोड्यावर बसून, घोडा हाताने धरून किंवा पायी जाण्याचा हक्क कोणालाही असतो. 1968 च्या कायद्याने तो सायकलवाल्यांनाही मिळाला. खालची जमीन मात्र बहुतेक ठिकाणी खासगी मालकाची असते. वाट शेताच्या कडेने जाते, कुरणातून जाते, कधी एखाद्या मोठ्या घराच्या परसातूनही जाते. देशातल्या नोंदलेल्या सार्वजनिक वाटांपैकी जेमतेम 22 टक्के वाटा घोडेस्वारांना खुल्या आहेत, बाकीच्यांवर फक्त पायी चालता येते. वाट बंद झाली की घोडा मोटारींच्या रस्त्यावर येतो. रस्त्यावर घोड्यांच्या बाबतीत घडलेल्या हजारो घटना दरवर्षी ब्रिटिश हॉर्स सोसायटीकडे नोंदवल्या जातात आणि त्यांत डझनावारी घोडे मरतात. 1947 साली स्थापन झालेली ही संस्था आणि गावोगावचे स्वारांचे गट गेली कित्येक वर्षे या वाटा टिकवण्यासाठी धडपडत आहेत. काम रुक्ष आहे: जुने नकाशे शोधायचे, साक्षी गोळा करायच्या, कौंटी कौन्सिलकडे अर्ज करायचे. पण त्या कामाच्या मुळाशी तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून लोक वर्षानुवर्षे जात राहिले, एवढ्यानेच त्यांचा हक्क तयार होतो का? माझ्या मते होतो. वाटेपुरते बोलायचे तर वापराइतका स्वच्छ उगम दुसऱ्या कोणत्याच हक्काला नाही.

हे मान्य करायला माणूस सहजासहजी तयार होत नाही, आणि त्यामागे कारण आहे. डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात ही अडचण नेमकी पकडली होती. सगळ्या गोष्टी काळात घडतात, पण काळ स्वतः वस्तूत काहीच घडवत नाही. मग निव्वळ काळ लोटल्याने मालकी कशी उपजेल? त्याने काढलेला निष्कर्ष असा की मालकी वस्तूत नसतेच, ती माणसांच्या मनात घट्ट झालेल्या अपेक्षांत असते. आपल्याकडे हा वाद त्याच्या कितीतरी आधी झाला आहे. मालक डोळ्यांनी पाहत असताना दुसऱ्याने वीस वर्षे जमीन भोगली आणि मालक काही बोलला नाही, तर त्याची हानी होते, असा नियम याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराला तो जसाच्या तसा पटला नाही. नुसते गप्प बसल्याने स्वामित्व कसे नष्ट होईल, ही त्याची शंका. म्हणून त्याने हानी जमिनीची नव्हे, फळाची मानली: जमीन मालकाचीच राहते, पण त्या काळात दुसऱ्याने जे भोगले त्यावर त्याला दावा सांगता येत नाही. विज्ञानेश्वरापुढे वाटेचा प्रश्न नव्हता. तरी स्वामित्व आणि उपभोग वेगळे करून पाहण्याची त्याची ही रीत वाटेच्या प्रश्नाला फार उपयोगी पडते. इंग्लंडच्या 1980 च्या महामार्ग कायद्यातही मुदत वीसच वर्षांची आहे. तितकी वर्षे लोकांनी एखादी वाट अखंड आणि हक्काने वापरली, तर मालकाने ती लोकार्पण केली असे कायदा गृहीत धरतो. मालकाकडून जमीन काढून घेतली जात नाही. तिच्यावरून जाणाऱ्याला अडवण्याची मुभा तेवढी संपते.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप महाराष्ट्रातल्या वाचकाच्या ओठावर आधीच आला असेल. आज केलेले अतिक्रमण वीस वर्षांनी नियमित होते, तेही वापराच्याच जोरावर. मग या स्वारांनी वेगळे काय केले? काळ उलटला म्हणून आगळीक हक्क ठरत असेल, तर कायदा धटिंगणांचाच पाठीराखा झाला. आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. पण अतिक्रमण करणारा नेमके काय करतो ते पाहा. तो कुंपण घालतो, भिंत बांधतो, इतरांना बाहेर ठेवतो. त्याने जागा वापरली की ती दुसऱ्या कोणाला उरत नाही. वाटसरू जातो आणि जागा पुन्हा मोकळी होते. मालकाचे गवत, झाडे, भाडे, विक्रीचा अधिकार, सगळे शाबूत राहते आणि मागून येणाऱ्यालाही तितकीच वाट मिळते. एक वापर इतरांना वगळून टिकतो, दुसरा इतरांना सामावून घेऊन. वीस वर्षांनी दोघांना एकच फळ मिळावे, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही. शिवाय वाटेसाठी इंग्रजी कायद्याने तीन अटी घातल्या आहेत, आणि त्या रोमन कायद्याइतक्या जुन्या आहेत: वापर बळजोरीचा नसावा, लपूनछपून केलेला नसावा आणि परवानगीने केलेला नसावा. फाटकाचे कुलूप तोडून गेलेल्याच्या फेऱ्या हिशेबात धरत नाहीत. रात्री चोरपावलांनी गेलेल्याच्याही नाहीत.

तिसरी अट अनेकांना खटकते. मालकाने मोठ्या मनाने ‘या, जा’ म्हटले, तर हक्क मुळात उभाच राहत नाही. मग ज्याने विचारले तो सज्जन माणूस तोट्यात आणि न विचारता गेलेला फायद्यात, हे कसे? मला या अटीत फार खोल शहाणपण दिसते. परवानगी मागणारा प्रत्येक वेळी समोरच्याची मर्जी मान्य करत असतो. मर्जी आज आहे, उद्या नाही. मालक बदलला, वारस बदलला की संपली. दानावर जगणाऱ्याचे मिंधेपण त्या चालण्यात येते. गावाच्या वाटेवरून निघालेला माणूस कोणाच्या उपकारावर चाललेला नसतो, तो आपल्या बरोबरीच्या माणसांमधून चाललेला असतो. कायदा हे बरोबरीचे नाते ओळखतो आणि ते न मागता, उघडपणे, दिवसाढवळ्या वावरण्यातून सिद्ध होते असे मानतो. मालकाला मार्ग उरत नाही असेही नाही. हक्क तयार होऊ द्यायचा नसेल, तर त्याने फलक लावावा किंवा तसे निवेदन कौन्सिलकडे दाखल करावे. कायद्यात तशी सोय आहे. लोकार्पणाची कल्पना ही कायद्याने रचलेली एक मानीव गोष्ट आहे, हे मीही मान्य करतो. बहुतेक मालकांच्या मनात दान करण्याचा विचार कधीच नव्हता. तरी वीस वर्षे रोज सकाळी ‘नाही’ म्हणण्याची संधी असताना ज्याने ती घेतली नाही, त्याच्या गप्प राहण्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली आयुष्ये बेतली. त्यांची ती अपेक्षा मोडणे हाच मोठा अन्याय आहे.

आणि ही अपेक्षा पुराव्याने सिद्ध करावी लागते. वापराच्या साक्षीचा छापील नमुना असतो. अमुक वाट तुम्ही कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत वापरली, वर्षातून साधारण किती वेळा, पायी की घोड्यावरून, मध्ये फाटक होते का, त्याला कुलूप होते का, मनाईचा फलक पाहिला का, कोणी हटकले का, कधी परवानगी मागितली का, असे प्रश्न त्यात असतात. सोबत नकाशावर स्वतःच्या हाताने रेघ काढायची आणि सही करायची. वीस वर्षांमागे जायचे तर अभिलेखागारांची पायरी चढावी लागते. 1604 ते 1914 या काळात इंग्लंडमध्ये 5200 हून अधिक कुंपण कायदे झाले आणि देशाच्या सुमारे पाचव्या भागातली सामायिक शेते, कुरणे, माळराने खासगी झाली. गरिबांच्या तोंडचा घास काढणाऱ्या त्या निवाडापत्रांतच सार्वजनिक घोडेवाटांच्या जागा आणि रुंदीही लिहिलेल्या सापडतात. त्याहून बोलका पुरावा 1910 च्या वित्त कायद्याचा आहे. जमिनीच्या वाढीव किमतीवर कर बसवण्यासाठी सगळ्या देशाचे मूल्यांकन झाले. नकाशांवर प्रत्येक खाते रंगाने आखले गेले आणि सार्वजनिक रस्ते पुष्कळदा रंगाबाहेर, कोरे सोडले गेले. आपल्या जमिनीतून लोकांची वाट जाते म्हणून किंमत कमी धरा, अशी सूट मालकांनी स्वतः मागितली आणि ती वहीत नोंदली गेली. आजोबांनी कर वाचवण्यासाठी जी वाट कबूल केली, ती नातवाने फाटक लावण्यासाठी नाकारावी, हे न्यायाच्या कोणत्या तराजूत बसते?

स्वारांच्या संघटित कामाला खरी धार आली ती 2000 सालच्या कायद्याने. 1949 च्या कायद्यान्वये प्रत्येक कौंटीत वाटांचा अधिकृत नकाशा तयार करायचे ठरले होते. प्राथमिक पाहणी गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी केली. कुठे ती मन लावून झाली, कुठे उरकली गेली. अनेक घोडेवाटा नुसत्या पायवाटा म्हणून नोंदल्या गेल्या, अनेक सुटूनच गेल्या. 2000 च्या कायद्याने सांगितले की 1949 पूर्वीच्या ज्या वाटा 1 जानेवारी 2026 पर्यंत नोंदल्या जाणार नाहीत, त्यांवरचे हक्क संपतील. तेव्हापासून स्वयंसेवकांनी दप्तरांचे गठ्ठे उपसायला घेतले. पुढे सरकारचे धोरण हेलकावत राहिले: 2022 मध्ये मुदतीची अट काढण्याचे जाहीर झाले, 2023 मध्ये ती परत आली आणि तारीख 2031 वर गेली, डिसेंबर 2024 मध्ये ती रद्द करण्याचा निर्णय पुन्हा जाहीर झाला. मुदतीच्या बाजूचा युक्तिवाद दुबळा नाही. घर घेणाऱ्याला, शेत करणाऱ्याला आपल्या जमिनीवर काय बोजा आहे हे कळले पाहिजे. प्रत्येक दाव्याला कधीतरी मुदत असते, मग वाटेलाच का नको? फरक असा की मुदत आपला दावा ठाऊक असलेल्या माणसाला लागते. त्याने झोपा काढल्या तर तो त्याचा दोष. वाटेचा दावेदार मात्र सर्व लोक आहेत, अजून न जन्मलेलेही. त्यांना नोटीस कोण बजावणार? म्हणूनच एकदा झालेली सार्वजनिक वाट कायम सार्वजनिक, हे तत्त्व इंग्रजी न्यायालयांनी धरून ठेवले. वापर थांबला म्हणून तो हक्क सुटत नाही, कारण सर्वांच्या वतीने तो सोडून देण्याचा अधिकार कोणा एका पिढीला नाही. कागद हे हक्काचे टिपण आहे. टिपण घेणाऱ्याची चूक झाली म्हणून हक्क मरतो असे मानले, तर उद्या जन्मदाखला हरवलेला माणूस जन्मलाच नव्हता असे म्हणावे लागेल.

घोडा हे श्रीमंतांचे जनावर, त्यांच्या विरंगुळ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. घोडा पाळायला पैसा लागतो, हे खरेच आहे. पण हक्काची परीक्षा मागणाऱ्याच्या खिशावरून करायची नसते, त्या हक्कातून कोणाकोणाला काय मिळते यावरून करायची असते. पायवाट म्हणून नोंद झाली तर फक्त पादचारी येतो. घोडेवाट झाली की पादचारी, सायकलवाला आणि स्वार असे तिघे येतात. 1986 मध्ये मेरी टाउनली यांनी नॉर्थंबरलंडपासून डर्बीशायरपर्यंत सुमारे 250 मैल घोड्यावरून जाऊन घोडेवाटांची दुर्दशा लोकांपुढे आणली. त्यातून पेनाइन ब्रायडलवे ही राष्ट्रीय वाट उभी राहिली, आणि तिच्यावरचा 47 मैलांचा त्यांच्या नावाचा फेरा आज सायकलवाले आणि पायी चालणारेही वापरतात. ओल्या चिकणमातीत टापांनी वाटेचा चिखल होतो, ही पादचाऱ्यांची तक्रार मात्र रास्त आहे. ती स्वारांनी ऐकावी. शेतकऱ्याच्या गोठ्यासमोरून वाट जात असेल तर ती कडेने वळवण्याची तरतूदही कायद्यात आहे, आणि तिथे अडून बसणे मला पटत नाही. वाट सरकली तरी चालेल. ती पुसली जाऊ नये.

महाराष्ट्राशी याचा संबंध दूरचा नाही. वीस वर्षांच्या वहिवाटीचा इंग्रजी नियम 1882 च्या सुखाधिकार कायद्यात आला आणि 1891 मध्ये तो कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला. तो खासगी हक्कापुरता आहे, पण तत्त्व तेच. आपल्या पाणंदी, शिवरस्ते, गाडीमार्ग जुन्या गावनकाशांवर तुटक रेषांनी दाखवलेले आहेत आणि प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ते नांगरून बांधात घातले गेले आहेत. इंग्लंडचे स्वार जे करत आहेत ते आपल्याकडे करायला घोडा लागत नाही. गावनकाशाची नक्कल काढा, ती घेऊन शिवारात फिरा, आणि जी वाट वापरताना पाहिलेली म्हातारी माणसे अजून हयात आहेत त्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. वाट अडवली गेली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण त्यासाठी अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते.