शिक्र्याचा दाखला

बीडनजीक बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार नावाचे रम्य स्थान आहे. पावसाळ्यात तेथे धबधबा कोसळतो. मन्मथस्वामींची समाधीही तेथेच असल्याने लोकांची पुष्कळ ये-जा असते. तेथील झाडीत आम्ही एकदा शिक्रा पाहिला. आशिया व आफ्रिका या दोन्ही खंडांत आढळणारा हा शिकारी पक्षी पारव्याएवढाच असतो. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. फांदीवर निश्चळ बसलेला तो एकाएकी झेपावला, आणि सरडा घेऊन उडाला. सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "पाहा, जगाची रीतच ही! बळकटाने दुबळ्यास खावे. मग सावकाराने कुळास लुबाडले तर त्यास दोष का द्यावा?"

वाचकहो, हा दाखला गावोगाव ऐकू येतो; म्हणून तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

शिक्रा सरडे, उंदीर, टोळ व लहान पाखरे खातो. त्याची चोच व नख्या मांसासाठीच घडल्या आहेत. दाणे टिपून त्याचा निर्वाह होणार नाही. शिवाय तो सरड्याकडून खत लिहून घेत नाही, आणि त्याच्या पोराबाळांवर व्याजही चढवीत नाही. 'हे मी करावे काय?' असा प्रश्न त्यास पडत नाही. त्या गृहस्थांस मात्र तो पडला होता. नाहीतर त्यांनी दाखला शोधलाच नसता. निर्दोष कृत्याला कोणी सबब धुंडाळीत नाही.

पूर्वी शिकारी लोक शिक्रा पाळून त्याजकडून लावे व तित्तिर धरवीत. त्या शिकारीचा जबाब कोणी द्यावा? पक्ष्याने नव्हे, ज्याच्या मनगटावरून तो सुटला, त्याने.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. कोंबडीचे पिलू गेले म्हणून कित्येक जण शिक्र्यास दुष्ट म्हणून धोंडे मारतात. पिले झाकून ठेवावीत, हे योग्य. पण पाखरावर सूड उगविणे व्यर्थ आहे. शेतातले उंदीर व टोळही तोच खातो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे.

तात्पर्य, माणसाचा अपराध पाखरावर लादू नये, व पाखराची निर्दोषता माणसाने पांघरू नये. अडलेला शेजारी उद्या आपल्या दारी पायलीभर ज्वारी उसनी मागावयास येईल, तेव्हा माप आपल्याच हाती असेल. त्या वेळी शिक्र्याकडे बोट दाखविण्याची आपणांस मोकळीक नाही.