पुरे म्हणणारा कोण?

गेल्या दिवाळींत आमच्या घरच्या पंगतीस एक लहानशी गोष्ट घडली; ती अजून आमच्या मनांतून जात नाहीं. आमचे धाकटे बंधु येथेंच, छत्रपति संभाजीनगरांत, वाळूजच्या एका कारखान्यांत नोकरीस आहेत. देहानें स्थूल, खाण्याचे शौकीन आणि दहा-बारा वर्षांपासून मधुमेही. दुसऱ्यांदा जिलेबी आली तेव्हां त्यांनीं ताटावर हात आडवा धरला. पंगतींत असा हात सर्वच धरतात, परंतु मागाहून ते आम्हांस एकीकडे घेऊन म्हणाले, "दादा, आजवर मी पुरे नुसतं म्हणत होतो. आज पहिल्यांदा पुरे वाटलं."

याचें कारण उघड होतें. उन्हाळ्यापासून वैद्यांच्या सल्ल्यानें ते आठवड्यांतून एकदां एक इंजेक्शन टोचून घेतात. परंतु त्यांचें वाक्य ऐकून आम्ही मात्र मनांतून खजील झालों. कारण याच बंधूंस गेलीं तीस वर्षें आम्ही मिताहाराचा उपदेश करीत आलों आहों. एकदां तर त्यांच्या सासरच्या मंडळींदेखत, भर पंगतींत, "यांच्या ताटास बूड नाहीं" असें आम्ही बोलून गेलों. लोक हंसले, तेही हंसले, आणि पानांतली जिलेबी तशीच टाकून उठले. आम्ही स्वतः जात्या काटकुळे. अर्धी भाकरी अधिक झाली तरी जीव कासावीस होतो. यास आम्ही आपला संयम समजत आलों होतों.

तेव्हां 'पुरे' हें म्हणतो तरी कोण? मन, असें उत्तर आम्हीं विद्यार्थिदशेंत दिलें असतें. शरीरशास्त्राचें उत्तर निराळें आहे. सन १९०२ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस व स्टार्लिंग या दोघां मेहुण्यांनीं एका कुत्र्याच्या आंतड्याच्या वेढ्यास येणारे मज्जातंतु तोडून टाकले आणि त्या वेढ्यांत अम्ल घातलें. मज्जातंतूंवांचून निरोप जाणार कसा? तरीही स्वादुपिंडांतून पाचकरस वाहूं लागला. मग आंतड्याचें अस्तर खरवडून, अम्लांत घोटून, तो अर्क शिरेंत टोचला. पुन्हां रस वाहिला. निरोप रक्तांतून जात होता. त्या द्रव्यास त्यांनीं 'सिक्रेटिन' म्हटलें, आणि १९०५ मध्यें स्टार्लिंगनें अशा सर्व निरोप्यांस 'हॉर्मोन' हें नांव दिलें. (या स्टार्लिंगचे वडील मुंबईस हायकोर्टांत क्लार्क ऑफ द क्राउन या हुद्द्यावर होते, हें आमच्याकडे फारसें कोणास ठाऊक नसतें.)

आज असे निरोपे पुष्कळ माहीत आहेत. आंतड्याच्या अस्तरांत शंभरांत एकाहूनही कमी अशा विरळ पेशी विखुरलेल्या असतात. जुन्या जकातनाक्यावरील कारकुनांप्रमाणें त्या येणाऱ्या प्रत्येक गाडींत डोकावतात आणि आंत काय माल आहे याची चिठ्ठी पुढें धाडतात. भाकरीचें पिष्ट फुटून साखर झाली कीं ती सोडियमच्या संगतीनें पेशींत शिरते. त्यायोगें पेशीची विद्युत्स्थिति पालटते, कॅल्शियम आंत येतें आणि हॉर्मोनच्या पुड्या रक्तांत सुटतात. तुपांतील स्नेहाम्लें पेशीच्या पृष्ठभागावरील निराळ्या ग्राहकांस शिवतात. त्यांतही बारा किंवा अधिक कार्बनांची लांब सांखळी असेल तर 'सीसीके' नांवाचा निरोप्या जोरानें निघतो. आंखूड सांखळीस तो फारशी दाद देत नाहीं. हा सीसीके पित्ताशय आवळतो, जठराची पुढची वाट मंद करतो आणि वेगस नाडीच्या द्वारें मेंदूस भरल्या पोटाची वर्दी देतो. तुरीच्या वरणांतील प्रथिनें फुटून झालेले तुकडेही असेंच करतात. आंतड्याच्या शेवटाकडे दाटीनें असणाऱ्या पेशी 'जीएलपी-१' सोडतात. त्यानें इन्शुलिन वाढतें व भूक मावळते. तीच साखर शिरेवाटे दिली तर इन्शुलिन कमी निघतें, तोंडावाटे दिली तर अधिक, हें १९६४ मध्येंच दिसून आलें होतें. भाकरीचा न पचलेला कोंडासुद्धां वायां जात नाहीं. कांहीं तासांनीं मोठ्या आंतड्यांत जंतु त्याचीं आंखूड अम्लें करतात, आणि तींही याच पेशींस चाळवितात.

जीएलपी-१ चें आयुष्य मात्र फार थोडें. रक्तांत आल्यावर दोनएक मिनिटांत त्याचा निम्मा अंश नष्ट होतो. बंधूंच्या इंजेक्शनांत याच निरोप्याची नक्कल आहे. फरक इतकाच कीं ती निम्मी होण्यास सुमारें आठवडा लागतो. चिठ्ठी तीच, परंतु कारकून ती आठवडाभर वाचीत बसतो! अशीं औषधें खास वजनासाठीं म्हणून २०२५ मध्यें आपल्या देशांत विक्रीस आलीं.

आतां ज्या मसुद्यावर आम्ही केवळ सही करतों, तो आमचा म्हणावा काय? आणखी एक गोष्ट आम्हांस अधिक बोचली. मेलबर्न येथें कांहीं स्थूल मंडळींस दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून त्यांचें वजन उतरविलें. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, कीं वर्ष लोटल्यावरही त्यांच्या रक्तांत भूक चेतविणारा घ्रेलिन वाढलेलाच होता आणि तृप्ति सांगणारा सीसीके घटलेलाच. म्हणजे ज्यांनीं खरोखर संयम केला, त्यांनाच शरीर अधिक भुकेलें ठेवीत होतें. आम्ही मात्र पोट भरल्यावर थांबत होतों आणि त्याचें श्रेय घेत होतों.

मग इच्छाशक्ति हें थोतांडच काय? परीक्षेच्या दिवसांत आमच्या विद्यार्थ्यांस हा सिद्धांत मोठा प्रिय होईल. आम्हांस तो मान्य नाहीं. आमच्या शहरापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर अजिंठ्याचीं लेणीं आहेत. तेथें राहणाऱ्या भिक्षूंस माध्यान्हीनंतर जेवण वर्ज्य होतें. थांबावयाची वेळ पोट नव्हे, सूर्य ठरवी. बौद्धांच्या पालि ग्रंथांत कोसलच्या प्रसेनजित राजाची गोष्ट आहे. द्रोणभर तांदळाचा भात खाऊन तो धापा टाकीत बुद्धापुढें येऊन बसला. बुद्धानें परिमित आहारावर एक गाथा म्हटली. राजानें ती मागें उभ्या असलेल्या सुदर्शन नांवाच्या तरुणास पाठ करावयास लावली, आणि रोज जेवतांना ती आपणांस ऐकवावी म्हणून त्यास दररोज शंभर कार्षापण देऊं केले. हळूहळू राजाचा आहार एका नाळीवर आला.

टोचून घेतलेला संयम हा संयमच नव्हे, असें आमचे एक वृद्ध स्नेही म्हणतात. त्यांस आम्ही ही गोष्ट सांगितली. कारण राजाचा संयमही पगारीच होता. राजाची भूक सुदर्शनानें जिंकली असेल. परंतु सुदर्शनास ताटापाशीं उभें करण्याची बुद्धि राजाची स्वतःची होती, आणि तेवढ्यापुरता तो आमच्या मतें संयमीच. स्नेही म्हणाले, "आणि पगार थांबला म्हणजे?" हा प्रश्न खोटा नव्हे. एका मोठ्या चांचणींत औषध बंद केल्यावर वर्षभरांत, उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोनतृतीयांश परत आलें. शिवाय शंभर कार्षापण राजापाशीं होते, सर्वांपाशीं नसतात. आणि ज्या मराठवाड्यानें १९७२ च्या दुष्काळांत सुकडीवर दिवस काढले, तेथें 'पुरे' हा शब्द कित्येकांच्या ताटापर्यंत पोंचलाच नव्हता, हेंही विसरून चालणार नाहीं.

परवां बंधूंकडे जेवावयास गेलों होतों. त्या जुन्या पंगतीबद्दल चार शब्द बोलावे असें घरून ठरवून निघालों. तेथें गेल्यावर पावसाच्या आणि नातवंडांच्या गोष्टी झाल्या. जेवण आटोपत आलें, आमचें पोट केव्हांच भरलें होतें. इतक्यांत बंधु स्वतः जिलेबीचें ताट घेऊन पुढें आले आणि म्हणाले, "दादा, आणखी एक?"

आम्हीं पान पुढें केलें.