स्त्रीची महत्त्वाकांक्षा दोष आहे काय?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक विधवा बाई आम्हांकडे आली. तिजजवळ शिवणाचें एक यंत्र होतें. आणखी दोन यंत्रें घेऊन गांवांतील दोघी मुलींस कामास लावावें असा तिचा बेत होता, व त्याकरितां कर्ज काढावें कीं नाहीं हें विचारावयास ती आली होती. आम्हीं तिला संतोषाविषयीं उपदेश केला; आहे त्यांत समाधान मानावें, फार हांव धरूं नये असें सांगितलें, आणि प्रार्थना करून परत पाठविलें. त्याच महिन्यांत एका तरुणानें पिठाच्या गिरणीसाठीं कर्ज काढिलें, तेव्हां त्याच्या उद्योगशीलतेची आम्हीं चारचौघांत वाखाणणी केली. ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याचें तेव्हां आमच्या मनांत आलें नाहीं.

जी इच्छा पुत्राच्या ठायीं उत्साह म्हणविली जाते, तीच कन्येच्या ठायीं गर्व कां ठरावी? कोणी म्हणेल कीं, स्त्रीचें क्षेत्र घर आहे. बरें; पण आठवड्याच्या बाजारांत डोकीवर पाटी घेऊन कोण जातें? अंडीं, भाजी, कोंबड्या कोण विकतें? व्यापार ती करीतच आहे, व त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाहीं. तक्रार सुरू होते ती हिशेबाची वही तिच्या हातीं जाऊं लागली म्हणजे.

नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय आपण लग्नाच्या वेळीं आवडीनें वाचतों. त्यांतील सद्गुणी स्त्री शेत पाहून तें विकत घेते, मिळकतींतून द्राक्षमळा लाविते, वस्त्रें विणून विकते आणि व्यापाऱ्यांस कमरबंद पुरविते. हा भाग वाचतांना आमचा स्वर हळू होतो, हें कबूल केलें पाहिजे. फिलिप्पै येथील लुदिया ही थुवतीरा नगराची जांभळीं वस्त्रें विकणारी होती. तिनें प्रेषितांस आग्रह करून आपल्या घरीं ठेविलें. तें घर व तो पाहुणचार तिच्या धंद्यामुळें शक्य झाला, आणि तो धंदा सोडण्यास तिला कोणीं सांगितल्याचें लिहिलेलें नाहीं.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट. सातारा जिल्ह्यांतील माण तालुका अवर्षणाचा; त्यांत म्हसवड हें गांव. तेथें रस्त्याकडेस राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईस पावसाळ्यापूर्वीं डोक्यावर आच्छादन म्हणून प्लास्टिकचें कापड घ्यावयाचें होतें, व त्यासाठीं थोडे थोडे पैसे शिल्लक टाकावयाचे होते. इतकी लहान ठेव घ्यावयास बँक तयार होईना. तेव्हां श्रीमती चेतना गाला सिन्हा ह्यांनीं गांवच्या बायकांस जमवून त्यांचीच बँक काढण्याचें मनावर घेतलें. रिझर्व्ह बँकेनें पहिला अर्ज फेटाळला, कारण चालक होऊं पाहणाऱ्या बायकांस लिहितां वाचतां येत नव्हतें. सहीच्या जागीं अंगठे होते. चेतनाबाई रडल्या, बायका मात्र शिकावयास बसल्या. कांहीं महिन्यांनीं त्या पुन्हां अधिकाऱ्यांपुढें गेल्या व म्हणाल्या, आमच्या लहानपणीं गांवांत शाळा नव्हती हा आमचा अपराध नव्हे. पण हिशेब आम्हांस येतो. कोणत्याही मुद्दलाचें व्याज विचारा, चुकलों तर परवाना देऊं नका. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढें मजुरी बुडवून बँकेंत येणें बायकांस परवडेना, म्हणून बँकच त्यांच्या दारीं जाऊं लागली. गुप्त आंकडा वापरून पैसे काढण्याची सोय करण्याचें ठरूं लागलें, तेव्हां बायकांनींच हरकत घेतली: आंकडा कोणीही चोरून नेईल, आमचा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यापायीं त्यांस परत लाविलें, तोच त्यांनीं कुलूप म्हणून निवडिला! ही व्यवहारबुद्धि कोणत्या विद्यालयांत शिकवितात, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

धन आणि अधिकार ह्यांत मोह आहे, हें खरें. आणि बाईच्या हातीं आल्यानें तो नाहींसा होत नाहीं. आपल्या हाताखालच्या पोरींस कमी मजुरी देणारी मालकीणही आम्हीं पाहिली आहे. तिला बोल अवश्य लावावा. पण तो मजुरी कमी दिल्याबद्दल, मालकीण झाल्याबद्दल नव्हे. संतोष हा सद्गुण खरा. तथापि ज्याला अधिक मिळविण्याची मोकळीक आहे, त्यानें तो स्वतः पत्करावा. आपण दुसऱ्याची वाट अडवून ठेवावी आणि वर त्यालाच संतोष शिकवावा, ह्याला काय म्हणावें?

एक गोष्ट उपदेशकबंधूंस मुद्दाम सांगतों. आपणां ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १९२५ सालचा वारसा कायदा बापाच्या मिळकतींत मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं. तरी बहिणींनीं हक्क सोडल्याचे कागद आमच्यासमोर कित्येकदां झाले आहेत, आणि साक्षीदार म्हणून आमचीही सही त्यांवर आहे. भांडवलावांचून धंदा होत नाहीं, व खेड्यांत भांडवल म्हणजे बहुधा जमीनच. सही करण्यापूर्वीं त्या बहिणीस एकटीला बाजूस घेऊन विचारण्याचें आम्हीं अलीकडे आरंभिलें आहे. दोघींनीं आजवर सही केली नाहीं, आणि त्यावरून एका घरचे लोक उपासनेस येईनासे झाले आहेत.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईनें पुढें दोन्ही यंत्रें घेतलीं. आम्हांस पुन्हां विचारावयास मात्र ती आली नाहीं.