खरे सांगावे की सांभाळून घ्यावे?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा अंक निघायचा म्हणजे मंडळी दरवर्षी म्हणतात, काहीतरी लिहा. आजवर मी गुरुचरित्राच्या पारायणावर लिहीत आलो. यंदा पारायण तिसऱ्याच दिवशी थांबले. ते का थांबले, तेच लिहितो.

आमच्या सौभाग्यवतींना चार वर्षांपासून विसरण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला अल्झायमर म्हणतात. १९०६ साली जर्मनीतल्या त्याच नावाच्या डॉक्टरांनी हा आजार प्रथम मांडला. यात आधी कालपरवाचे पुसले जाते आणि जुने बरेच दिवस शाबूत राहते. सकाळी गोळी घेतली की नाही हे तिला आठवत नाही, पण दत्ताची आरती एक शब्द न चुकता म्हणते.

दिवेलागण झाली की मात्र ती अस्वस्थ होते. हातात पिशवी घेऊन दाराशी उभी राहते. "आई वाट बघत असेल, मला घरी सोडा."

सासूबाईंना जाऊन २६ वर्षे झाली.

पहिल्या दिवशी मी खरे ते सांगितले, "अगं, आई कधीच गेल्या." ती मटकन खाली बसली. "मला कोणी कळवलं का नाही?" म्हणत रात्रभर रडली. सकाळी सगळे विसरली. संध्याकाळी पुन्हा पिशवी, पुन्हा माझे खरे बोलणे, पुन्हा तोच आकांत. तिसऱ्या दिवशी मला उमगले, की आपण हिला रोज नव्याने सुतकात बसवतो आहोत.

तेव्हापासून म्हणू लागलो, "आता अंधार पडलाय. उद्या सकाळी बघू. तोवर जरा वाती वळून देतेस का?" ती वाती वळायला बसते आणि आईचा विषय मागे पडतो. कधी एवढ्यावर भागत नाही, मग सांगतो, "आईंचा निरोप आलाय, उद्या या म्हणाल्या." हे तर सरळ सरळ खोटे. नोकरीत कधी खोटी पावती केली नाही, आणि आता देवासमोर बसून बायकोशी खोटे बोलायचे? ही टोचणी मनाला लागून राहिली.

मग एक दिवस क्रिकेटची मॅच होती. दुपारी चारलाच मी पडदे ओढले आणि म्हणालो, "रात्र झाली, झोप आता." बिचारी निमूट झोपली. मॅच बघताना माझे कशात लक्ष लागेना. निरोपाचे खोटे तिची भीती जावी म्हणून होते. हे खोटे माझ्या सोयीसाठी होते. तिला दोन्ही सारखीच खरी वाटली, म्हणून तर फरक मलाच करायला हवा होता.

आणखी एक कबूल करतो. दोन वर्षे मी देवळात सगळ्यांना सांगत होतो, "गुडघे दुखतात म्हणून ती येत नाही." त्यात तिचे काय भले होते? लाज माझी होती.

अनसूयामातेची कथा आपण सगळे जाणतो. तिन्ही देव अतिथी होऊन दाराशी आले, त्यांनी अवघड भिक्षा मागितली, आणि मातेने आपल्या पातिव्रत्याच्या बळाने त्यांची बाळे केली. यंदा ती कथा मला वेगळी दिसली. मातेने बाळांना "तुम्ही ब्रह्मा, विष्णू, महेश आहात, आठवा बघू" असे दरडावले नाही. भूक लागली तेव्हा पाजले, झोप आली तेव्हा पाळण्यात घातले. पण ही बाळे कोण आहेत, हे ती स्वतः क्षणभरही विसरली नाही.

मला वाटते, माझे उत्तर इथेच आहे. माणूस आज जसा आहे तसे त्याच्याशी वागावे, पण तो कोण आहे हे आपण विसरू नये. माझ्या आईचे अंथरुणातले सगळे हिने केले, हे तिला आठवत नाही. ते मी आठवायचे. आमच्या दारी कोणी देवी येऊन तिला पूर्वीसारखी करून मागणार नाहीत. हा आजार मागे फिरत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ते सत्य मी पचवायचे आहे, तिने नव्हे.

ज्यांच्या घरी असे कोणी आहे, त्यांनी ते लपवू नये, एवढी विनंती. दत्तमहाराज स्वतः झोळी घेऊन भिक्षा मागतात. मग शेजाऱ्यांकडे दोन तासांची मदत मागायला आपल्याला कसली लाज? मी सांगितले तेव्हापासून शेजारच्या वहिनी गुरुवारी येऊन बसतात आणि मला पालखीला जाता येते.

परवा दुपारी तिने माझ्याकडे निरखून पाहिले. म्हणाली, "आपण कोण? बसा ना. चहा टाकते. हे येतीलच एवढ्यात."

पोटात कालवले. पण दारी आलेल्याला बसवून घेण्याची तिची रीत अजून तशीच आहे, हेही दिसले. मी म्हणालो, "येऊ देत सावकाश. मी थांबतो." चहा मीच केला. दोघांनी मिळून प्यायलो.

श्री गुरुदेव दत्त.