मोटर बंद झाल्यावर

विहिरीचा खडक कसा आहे, हे मोटर चालू असताना नीट कळत नाही. वीज कमीजास्त होते, उपसा एकसारखा राहत नाही. मोटर बंद केली की खडक एकटाच काम करतो. पुरंदरच्या बेसाल्टात मी काठावरून टेप सोडून चढतं पाणी वहीत टिपत बसतो. अमेरिकी भूजलतज्ज्ञ सी. व्ही. थाइस यांनी १९३५ साली या भरून येण्याचं गणित मांडलं. कागदावर उतरलेल्या रेषेच्या उतारावरून खडकाची पाणी वाहून आणण्याची ताकद काढता येते.

पण जे कधी दिसणारच नाही, त्याबद्दल ‘मला कळलं’ म्हणायचा अधिकार मला कशाने मिळतो? न्यायदर्शनाने हा प्रश्न फार आधी धसाला लावला. नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला हे ओळखणं, हे न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचं उदाहरण. कार्यावरून कारण, म्हणजे शेषवत् अनुमान. न्यायसूत्रांतच अशा अनुमानावर हरकत आहे: प्रवाह कुठे अडल्यामुळे पाणी वाढलं नसेल कशावरून? भाष्यातलं उत्तर असं, की पुराला वेग असतो, फेस असतो, वाहून आलेली पानं-लाकडं असतात. नुसती वाढ पाहून बोलणं हे अनुमानच नव्हे.

मला हे उत्तर पूर्ण पटतं, कारण तीच हरकत माझ्यासमोर रोज उभी राहते. पाणी हळू चढतंय ते खडक घट्ट म्हणून, की पलीकडच्या शिवारात मोटर चालू आहे म्हणून? आधी बांधाबांधाने फिरून कानोसा घ्यावा लागतो. शिवाय थाइस यांचं गणित अरुंद विहिरीचं. आमच्या रुंद विहिरीच्या पोटातच इतकं पाणी मावतं, की सुरुवातीच्या आकड्यांवर भिस्त ठेवता येत नाही.

शेतकरी विचारतात, “साहेब, खाली पाणी किती आहे?” विहीर झरझर भरली की त्यांना वाटतं, पाणी अमाप आहे. फटीतून पाणी धावत येतं खरं, पण फटींच्या बेसाल्टात साठा थोडाच असतो. पाणी किती सहज येतं ते या एका विहिरीवरून सांगता येतं. साठवण मात्र सांगता येत नाही. त्यासाठी इथे उपसा चालू असताना शेजारच्या विहिरीतली पातळी कधी आणि किती उतरते, ते मोजावं लागतं. शेजारची विहीर बहुधा चुलतभावाची असते. भावकीत बोलणं बंद असेल, तर तिथे टेप सोडू देत नाहीत. मग अहवालात साठवणीचा रकाना मी कोरा ठेवतो, कुणी कितीही आग्रह केला तरी.